बेबी हिंदुस्थानला रेडिएटर नेमका कुठला?

कंबरतलाव (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आईच्या वडलांची एक जुनी गाडी आहे, जुन्या मिलच्या मागच्या शेडमध्ये वीसेक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मामा गेल्यावर ती माझ्याकडे आली म्हणजे कुणालाच नको होती म्हणून आली. दिवाळीत चालू केली. चालते, म्हणजे चालायची. गेल्या रविवारी तुळजापूरला निघालो, तामलवाडीच्या पुढे पहिल्यांदा वाफ, घाटाच्या पायथ्याला दुसऱ्यांदा, मग आईचं दर्शन टोइंगवाल्याच्या गाडीत बसून.

मिस्त्री म्हणाला रेडिएटर गेलाय, नवीन टाका. आरसी बुकात मेक "हिंदुस्थान", साल १९५१. तोच फोटो पार्टसच्या दुकानात दाखवला, त्यानं आतून एक रेडिएटर आणून दिला. घरी आणून बघतो तर चार बोटं जास्त रुंद. मिस्त्री म्हणतोय बाजूचा पत्रा कापू, वेल्डिंग करू, बसतंय. कापू का? आणि या गाडीचा खरा रेडिएटर ओळखायचा कसा?

पार्कचौक_कट्टा (९:४६)

कापू नका. फोटो टाका. पत्र्याला हात लावायच्या आधी मिस्त्रीच्या हातातली कात्री काढून घ्या.

शेंगाचटणी (९:५२)

मालक गाडी घ्यायचीच होती तर फियाट घ्यायची ना. फियाट बनवणारे वालचंदशेठ आपल्या सोलापूरचे, १८८२ चा जन्म इथला, आणि तुम्ही हिंदुस्थान मोटर्सची, बंगालची गाडी घेऊन बसलाव.

कंबरतलाव (९:५५)

घेतली नाही हो, गळ्यात पडली :)

लांबचाप्रवास (१०:२०)

फोटो बघितला. मालक, दुकानदारानं तुम्हाला अ‍ॅम्बेसिडरचा रेडिएटर दिलाय. त्याची चूक अशी की "हिंदुस्थान" वाचलं की त्याच्या डोक्यात एकच गाडी येते. पण १९५१ साली अ‍ॅम्बेसिडर होतीच कुठे? ती १९५७-५८ ची, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीनवरून काढलेली. १९५१ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सच्या दोन गाड्या होत्या, मोठी हिंदुस्थान १४ आणि धाकटी बेबी हिंदुस्थान. तुमची ही धाकटी. आणि बेबी हिंदुस्थान म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, इंग्लंडची मॉरिस मायनर. बॅज बदललेला, बाकी तीच. पुढची काच मधून दुभागलेली आहे ना? मायनरला १९५६ पर्यंत तशीच काच होती.

त्यामुळं "हिंदुस्थानचा रेडिएटर" मागणं बंद करा. मायनर सिरीज एमएम चा, म्हणजे पहिल्या मायनरचा मागा.

शेंगाचटणी (१०:२४)

म्हणजे बारशात नाव बदललं आणि दुकानदार सासरच्या नावानं शोधतोय

नवीपेठ७२ (१०:३१)

मायनरची एक गंमत. बॉनेटच्या मधोमध जी रुंद पट्टी दिसते ती शोभेची नाही. मॉरिसच्या इसिगोनिस नावाच्या इंजिनिअरनं गाडी डिझाइन केली, सगळं ठरलं, आणि उत्पादनाच्या तोंडावर त्याला वाटलं गाडी अरुंद दिसतेय. नमुन्याची गाडी उभी मधून कापून दोन अर्धुकं लांब सरकवून बघितली, आणि ४ इंच वाढवली. बॉनेटला मधे ठिगळ आलं ते कायमचं राहिलं. १९४८ ला गाडी बाजारात आली त्याच्या आधीची गोष्ट. तेव्हा पत्रा कापायची परंपरा जुनीच आहे, पण ती इसिगोनिसनं पाळावी, तुमच्या मिस्त्रीनं नको.

कंबरतलाव (१०:४०)

हो दुभागलेलीच काच आहे! आणि पट्टीही आहे. मी ती अपघाताची दुरुस्ती समजत होतो.

लांबचाप्रवास (१०:५८)

आता नीट ऐका. सिरीज एमएम ला ९१८ सीसीचं साइड वॉल्व इंजिन, म्हणजे वॉल्व डोक्यावर नाही, बाजूला ब्लॉकमध्ये. सुरुवातीच्या गाड्यांत त्याला वॉटर पंप नाही. पाणी तापलं की हलकं होऊन वर चढतं, वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, तिथं थंड होऊन जड होतं आणि खालून परत इंजिनात जातं. थर्मोसायफन. बंबात जसं होतं तसंच. ह्यात एक अट, पाण्याची पातळी वरच्या पाइपाच्या तोंडाखाली गेली की साखळी तुटते आणि फिरणं बंद. पेलाभर पाणी कमी झालं तरी गाडी उकळते आणि लोक रेडिएटरला शिव्या देतात.

तुम्ही कदाचित पाणीच कमी भरत असाल.

कंबरतलाव (११:०४)

पण दादा, माझ्या गाडीला पंप आहे. पंख्याच्या मागे. मिस्त्रीनं त्याचं बेअरिंग दिवाळीत बदललं, पैसे मी दिलेत.

लांबचाप्रवास (११:०६)

पंप आहे??

पार्कचौक_कट्टा (११:०७)

आता धागा रंगणार.

लांबचाप्रवास (११:१५)

उद्या उजेडात दोन गोष्टी बघा. एक, स्पार्क प्लग कुठं आहेत. इंजिनाच्या डोक्यावर सपाट हेडमध्ये उभे असतील तर साइड वॉल्व. बाजूला असतील आणि वर ऑइल भरायच्या झाकणाचा लांबट डबा असेल तर ओव्हरहेड वॉल्व. दोन, डायनॅमोच्या वर ब्लॉकच्या उजव्या अंगाला बारकी पट्टी असेल, रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि पहिली अक्षरं सांगा. यूएसएचएम असलं तर ९१८ चं साइड वॉल्व. एपीएचएम असलं तर ८०३. एपीजेएम किंवा ९एम असलं तर ९४८. १०एमए असलं तर १०९८. उजवं म्हणजे ड्रायव्हर सीटवर बसल्यावरचं उजवं, समोर उभं राहून नव्हे. ह्यात लई लोक चुकतात.

आसरा_चौक (सोमवार, सकाळी ७:३०)

एवढं सगळं कशाला, थर्मोस्टॅट काढून टाका. सोलापुरात मे महिन्यात ४३-४४ असतं, इथं इंजिन गरम करायला थर्मोस्टॅट कशाला पाहिजे. माझ्या अ‍ॅम्बेसिडरचा मी १९९८ ला काढला तो अजून टेबलावर पेपरवेट आहे.

नवीपेठ७२ (७:४८)

काका, थर्मोस्टॅट गाडी थंड असताना पाणी अडवतो, तापल्यावर उघडून बाजूला होतो. बंद अवस्थेत अडकला असेल तर तो दोषी, मान्य. गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघायचं, पाच मिनिटांचं काम. पण रेडिएटरची जाळी तुंबलेली असताना थर्मोस्टॅट काढणं म्हणजे मोरी तुंबली म्हणून नळाची जाळी काढण्यासारखं आहे.

आसरा_चौक (७:५५)

आमच्याकडे नळालाच चार दिवसाआड पाणी येतंय, मोरी तुंबायचा प्रश्नच नाही.

कंबरतलाव (दुपारी १:१०)

जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन बघितलं. प्लग बाजूला. वर हिरवट डबा, त्यावर झाकण. पट्टी पुसली, ९एम, मग यू, मग एच, पुढं आकडे. आरसीवरचा इंजिन नंबर यूएसएचएम ने सुरू होतोय!!

लांबचाप्रवास (१:३२)

घ्या. गाडी १९५१ ची, इंजिन मायनर १००० चं, म्हणजे मायनरच्याच पुढच्या मॉडेलचं, ९४८ सीसी. हे इंजिन १९५६ पासून १९६२ पर्यंत चाललं. यू म्हणजे गियर फ्लोअरवर, एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. आजोबांनी किंवा त्यांच्या मिस्त्रीनं कधीतरी साइड वॉल्व काढून हे बसवलं. लई गाड्यांचं झालंय तसं, आणि गाडी त्यानं चांगली पळते.

म्हणून सालावरून रेडिएटर शोधणं बाद, आरसीवरून शोधणंही बाद. इंजिन ९४८ चं आहे तर मायनर १००० चाच रेडिएटर लागणार.

डाखवाल्याची_पोरगी (१:५०)

दादा थांबा. आत्ता गाडीत जो जुना बसलाय तो कुठला आहे हे कुणीच विचारलं नाही. माझे अब्बा चाळीस वर्षं रेडिएटरचं डाखकाम (सोल्डरिंग) करत होते, आता डोळ्यामुळं बंद केलंय. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "नया छोड, पहले पुराना नाप." टेप घ्या आणि हे मोजून टाका: जाळीची उंची, रुंदी, जाडी (टाक्या सोडून नुसती जाळी). बाजूच्या बोल्टच्या भोकांचं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. वरची नळी आणि खालची नळी कुठल्या अंगाला, आणि दोन्हींचा बाहेरचा व्यास. टेपनं नळीचा व्यास चुकतो, दोरा गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ नं भागा. वरच्या टाकीला पितळी पट्टी डाखलेली असेल तर तिचा फोटो. मॉरिसचा ऑक्सफर्डला स्वतःचा रेडिएटरचा कारखाना होता, त्यांची पट्टी असते.

आणि होज पाइप सरळ चढलेत का आत काही भरती आहे ते बघा.

शेंगाचटणी (२:०५)

दोरा गुंडाळून... सोलापुरात दोऱ्याला कमी नाही, चादरीतनं एक काढा

रथयात्री (सायं. ५:२०)

रेडिएटर बाजूला ठेवा, मी तुम्हाला मोठी भीती दाखवतो. आरसीवर एक इंजिन आणि गाडीत दुसरं, हे आरटीओत नोंदवलंय का? २०२१ च्या जुलैत व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हीए नंबरांच्या मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीला २० हजार, १० वर्षांसाठी, पुढच्या वेळी ५ हजार. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय ती गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामाला, रोज भाजी आणायला नाही.

कंबरतलाव (५:४१)

भाजी आणायला सुद्धा ती तयार नाही सध्या.

नवीपेठ७२ (५:५५)

फेरफार म्हणजे त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचं इंजिन टाकणं धरतात का ह्यावर वकील लोक भांडतील, पण आरसीत इंजिन बदल नोंदवून घ्या हे बरोबर. धाग्याचा विषय रेडिएटर आहे, ह्यासाठी वेगळा धागा काढा.

कंबरतलाव (रात्री ८:३०)

मापं घेतली. लेकीनं दोरा धरला. ताई तुमचा संशय खरा निघाला! वरची नळी जाड आहे, इंजिनाकडचं तोंड त्यापेक्षा बारीक. होज काढला तर आत दुसरा रबरी तुकडा कोंबलेला, त्यावर दोन क्लिपा. खालच्या बाजूला तर सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळलाय. बोल्टची भोकं मात्र चौकटीला तंतोतंत जुळतात, कुठं ओढाताण नाही. पट्टी आहे, अर्धी डाखाखाली गेलीय, "ऑक्सफर्ड" वाचता येतं. सगळी मापं फोटोत.

अजून एक. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ लिहिलंय. दिवाळीत मिस्त्रीनं नवीन टाकलं होतं, जुनं म्हणे लूज होतं.

डाखवाल्याची_पोरगी (९:०५)

अब्बा हसले आणि मग चिडले, ह्याच क्रमानं.

दादा, तुमच्या गाडीत बसलाय तो गाडीचा मूळचाच आहे, थर्मोसायफनवाला. म्हणून नळ्या जाड, पाणी आपल्या मर्जीनं फिरायचं तर वाट मोठी लागते. इंजिन बदललं तेव्हा कुणीतरी रेडिएटर तोच ठेवला आणि नळ्यांना रबराची भरती दिली.

आता झाकण. ०.९ म्हणजे बार, म्हणजे चौरस इंचाला १३ पौंड दाब. हे आजच्या गाड्यांचं. मायनर १००० ला ७ पौंडाचं असतं आणि त्याच्या आधीच्या ह्या टाक्यांना तेवढाही दाब नको. १३ पौंड दाब धरला की पितळी टाकीचा डाखाचा सांधा उसवतो. केसाएवढी भेग. गाडी उभी असताना ठिपूससुद्धा पडत नाही, दाब आला की वाफ होऊन जातं आणि माणूस जमिनीवर डाग शोधत बसतो.

लांबचाप्रवास (९:२२)

झाकणाचं मान्य. मी ते विचारायला पाहिजे होतं. गणितही सांगतो. एक पौंड दाबाला उकळबिंदू साधारण दीड-पावणेदोन अंशानं वर जातो. सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटर वर, इथं उघडं पाणी ९८ अन् अर्ध्यालाच उकळतं. ७ पौंडानं ते ११०च्या आसपास जातं. तेव्हा झाकण पाहिजेच, योग्य पौंडाचं. आणि आकडा जुळला तरी झाकण बसतं त्या मानेची खोली मोजा. जुन्या इंग्लिश झाकणांत लांब आणि आखूड असे दोन प्रकार, आखूड झाकण खोल मानेत फिरतं, घट्ट वाटतं, पण आतलं रबर सीटला टेकतच नाही.

पण ताई, रेडिएटरच्या बाबतीत मी ऐकणार नाही. साइड वॉल्वचा रेडिएटर ९४८ ला ठेवणं हा जुगाडच. मायनर १००० चा शोधा, इंग्लंडहून नवीनही मिळतो, भरतीचं रबर काढून फेका.

डाखवाल्याची_पोरगी (९:४०)

इंग्लंडहून आणा की. पण तो १००० चा आहे, ह्यांची चौकट १९५१ ची. भोकं जुळली नाहीत तर परत मिस्त्री कात्री काढणार. जो गाडीत बसतोय त्याच्या फक्त नळ्या बदलायच्या आहेत. दोन पितळी नळ्या आणि अर्धा तास डाख. जुगाड ते रबर आहे, रेडिएटर नाही.

पार्कचौक_कट्टा (९:४४)

मी ताईच्या पार्टीत.

आसरा_चौक (९:५०)

मी थर्मोस्टॅटच्या पार्टीत.

बार्शीकर (मंगळवार, सकाळी ६:५०)

उशिरा आलो. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) कुणीच बोललं नाही. गार इंजिनावर झाकण काढून गाडी चालू करायची, वरच्या टाकीत बघायचं. सारखे बुडबुडे आले तर गॅस पाण्यात येतोय, मग तुम्ही सोन्याचा रेडिएटर बसवा, उकळणारच. आणि पंखा उलटा बसवलाय का तेही बघा, पंप काढला होता म्हणालाव ना. उलटा पंखा फिरतो, वारा पण येतो, पण निम्मा.

कंबरतलाव (रात्री १०:१५)

बुडबुडे नाहीत. पंखा सुलटा. उद्या ताईंच्या घरी रेडिएटर घेऊन जातोय, अब्बांनी बोलावलंय.

शेंगाचटणी (१०:२०)

जाताना कडक भाकरी आणि चटणी घेऊन जा, माहेरचा माणूस आल्यासारखं वाटेल

कंबरतलाव (शनिवार, रात्री ८:००)

उशीर झाला, सॉरी. सविस्तर लिहितो.

चाचांना आता नीट दिसत नाही. रेडिएटर मांडीवर घेतला आणि बोटांच्या मागच्या बाजूनं वरची टाकी वाजवत गेले, घागर वाजवून बघतात तशी. एका कोपऱ्यात थांबले, "यहाँ". मला तिथं काहीच दिसलं नाही. मग त्यांच्या जुन्या शागीर्दाच्या दुकानात गेलो. नळ्यांना रबरी बुच, एका बुचातून हवा, आणि रेडिएटर हौदात बुडवला. त्याच कोपऱ्यातून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ. शागीर्द म्हणाला उस्ताद आहेत अजून.

मग टाक्या उघडल्या. ब्लोलॅम्पचा शेगडीसारखा आवाज, नवसागराचा धूर, डोळ्यात पाणी. आत जाळीच्या तोंडाशी पांढरा थर, बोटानं खरवडला तर चुन्यासारखा. शेडमध्ये बोअरचं पाणी होतं, आजोबा तेच घालत असणार, मी पण दिवाळीत तेच घातलं. पातळ पट्टीचा रॉड एकेका नळीतून घातला, साधारण तीनात एक नळी बंद. काही रॉडनं उघडल्या, नऊ उघडल्याच नाहीत, त्या तशाच राहिल्या. शागीर्द म्हणाला नवी जाळी घाला, चाचा म्हणाले ही तांब्याची जाळी आहे, एवढी वर्षं टिकलीय, नऊ नळ्या वगळून बाकी चालतंय, घाट चढून या मग बोलू.

दोन्ही नळ्या बदलल्या, इंजिनाच्या मापाच्या. झाकण ४ पौंडाचं, शागीर्दाच्या डब्यात निघालं, मान मोजून. पट्टीवरचा डाख काढला नाही, चाचा म्हणाले आपला नाही, आधीच्या कुणाचा आहे, राहू दे.

लांबचाप्रवास (८:१२)

घाट?

कंबरतलाव (८:२०)

आज सकाळी साडेसहाला निघालो. आरओचं पाणी भरलं, सोबत कॅन. तामलवाडी गेली. घाटात दुसऱ्या गियरवर चढली. मायनरला मूळचा टेंपरेचर काटाच नाही, त्यामुळं सगळं लक्ष बॉनेटच्या फटीकडं. वर पोचल्यावर पंधरा मिनिटं थांबून फडकं धरून झाकण पहिल्या खाच्यापर्यंत फिरवलं, थोडं फुस्स. पातळी बोटभर खाली. बस.

लांबचाप्रवास (८:३१)

अभिनंदन. सकाळी साडेसहाचं ऊन आहे हे मात्र लक्षात घ्या. मे महिन्यात दुपारी दोनला तोच घाट चढा, नऊ बंद नळ्या तेव्हा हिशेब मागतील. मी अजूनही मायनर १००० चाच म्हणणार, निदान मापं मागवून भोकं ताडून बघा.

डाखवाल्याची_पोरगी (८:४४)

अब्बा म्हणतात मे महिन्यात दुपारी दोनला माणसानं पण घाट चढू नये.

आसरा_चौक (८:५०)

थर्मोस्टॅटचं काय केलं?

कंबरतलाव (८:५८)

पातेल्यात टाकून बघितला काका. उघडतोय. परत बसवला.

बाकी तो अ‍ॅम्बेसिडरचा रेडिएटर दुकानदार परत घेत नाही, म्हणतो डब्यातून काढलेला माल आहे. मार्क टू का थ्रीचा तेही तो सांगत नाही. जाळीचं माप घेऊन ठेवलंय, दोऱ्यानं नळ्यांचंही. कुणाला लागत असेल तर सात रस्त्यावरून घेऊन जा, निम्म्या किमतीत.

आसरा_चौक (९:०३)

माप टाका. माझा गळालाय.